रायफलचं कॅलिबर कुठलं घ्यायचं? टार्गेट, व्हार्मिंट आणि आपल्या सातारा-सांगलीचा हिशोब

गावाकडची पोरं रात्री यूट्यूबवर अमेरिकेतले व्हार्मिंट हंटिंगचे, म्हणजे उपद्रवी जनावरांच्या शिकारीचे, व्हिडिओ बघतात, ४०० मीटरवरचं बारकं जनावर एका गोळीत उडवलेलं बघतात, आणि सकाळी विचारतात, "दादा, .२२-२५० घेऊ का .२२३?" आता यात पोरांचं काही चुकत नाही, व्हिडिओच तसे असतात. पण कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप आणि त्यात बसणारी गोळी, निवडायचं म्हणजे आधी काम ठरवायचं, मग कायदा, मग अंतर, मग गोळी मिळती का नाही ते, आणि सगळ्यात शेवटी बंदुकीचं नाव. आपल्याकडं सगळे उलट्या बाजूनं सुरू करतात, म्हणून पैसे जातात.

उत्तर आधीच सांगून टाकतो. कराड-सातारा-सांगली-मिरज पट्ट्यात राहणाऱ्या ज्याला नेमबाजी शिकायचीय त्याला .१७७ एअर रायफल, त्यात हात बसला की .२२ एल.आर. (लाँग रायफल, बारकी .२२ ची गोळी). आणि ज्याच्या उसात, भुईमुगात रानडुकरं घुसतात त्याचा प्रश्न कॅलिबरचा नाहीच, तो आधी वनखात्याच्या परवानगीचा आहे. आता हे का, ते सविस्तर.

आधी काम ठरवा, आणि हितंच कायदा बघा

अमेरिकेत व्हार्मिंट म्हणजे प्रेअरी डॉग, ग्राउंडहॉग, कोयोटी असली कुरणं नाहीतर पिकं, कोंबड्या-कोकरं खराब करणारी जनावरं. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडात ससे, कोल्हे. तिकडं त्यांच्या त्यांच्या नियमात राहून ती मारता येतात, म्हणून त्याच कामासाठी वेगळी कॅलिबरं निघाली, वेगळ्या जाड बॅरलच्या रायफली निघाल्या.

आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि हौसेची शिकार पूर्ण बंद आहे. ससा, मोर, लांडोर, माकड, कोल्हा, साळिंदर, काही म्हणजे काही मारायचं नाही. पूर्वी कायद्यात पाचवी अनुसूची होती, त्यात कावळा, वटवाघूळ, उंदीर असली 'उपद्रवी' प्राण्यांची यादी होती, अजून पण लोक तिचा दाखला देतात. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली, आता केंद्र सरकारनं अधिसूचना काढून एखादा प्राणी ठराविक भागात ठराविक काळासाठी उपद्रवी म्हणून जाहीर केला तरच तो उपद्रवी. एअरगनला लायसन लागत नाही म्हणून तिनं पाखरं मारली तर चालतंय, हा समज तर सगळ्यात धोक्याचा. हत्याराला लायसन नसेल लागत, पण जनावर मारल्याचा गुन्हा तो गुन्हाच. गावातल्या भटक्या कुत्र्यावर पेलेट, म्हणजे एअरगनची गोळी, मारली तरी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे.

आणि आपला भाग काय साधा नाही. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, सांगली जिल्ह्यात सागरेश्वर अभयारण्य आहे, पाटण-शिराळ्याच्या उसात बिबट्या, डोंगरकडंला गवा. अंधारात उसात हललं म्हणून गोळी घातली आणि ते पहिल्या अनुसूचीतलं जनावर निघालं तर पुढची बरीच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या.

म्हणजे आपल्याकडं रायफलची खरी कामं दोनच, कागदावर किंवा स्टीलवर टार्गेट शूटिंग आणि परवानगी काढून पिकाचं संरक्षण. तुमचं यातलं कुठलं ते ठरवा, मग पुढं वाचा.

.१७७ एअर रायफल, सुरुवात हितंच करायची

शस्त्र नियम २०१६ प्रमाणं ज्या एअर रायफलचं बोअर, म्हणजे नळीचं भोक, .१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि मझल एनर्जी, म्हणजे नळीतून सुटताना गोळीची ताकद, २० जूलपर्यंत आहे तिला लायसन लागत नाही. दोन्ही अटी एकदम पाळल्या पाहिजेत. म्हणजे .२२ बोअरची एअर रायफल, भले ती मऊ का असेना, ती लायसनमध्ये येती. दुकानदार "काय होत नाही" म्हणला तरी ते तुमच्या अंगावर येणार, त्याच्या नाही.

आता २० जूलचं गणित स्वतः करायला शिका, लय सोपं आहे. पेलेटचं वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला वेगाच्या वर्गानं गुणा, वेग मीटर प्रति सेकंदात, आणि २००० नं भागा. उदाहरण घेऊ. ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, ८.४ ग्रेनची पेलेट म्हणजे ०.५४५ ग्रॅम. वेग २७० असेल तर २७० चा वर्ग ७२,९००, गुणिले ०.५४५, भागिले २०००, उत्तर आलं १९.९ जूल. बसलं काठावर. पण जाहिरातीत लिहिलेलं असतंय '१००० फूट प्रति सेकंद', म्हणजे ३०५ मीटर. त्याच पेलेटनं ती खरंच तेवढी पळाली तर होतात २५ जूल, म्हणजे लायसनची रायफल झाली की ती. जाहिरातीतला वेग बहुतेक वेळा एकदम हलकी पेलेट घालून काढलेला असतो ते खरं, पण म्हणूनच बिलावर आणि कंपनीच्या कागदावर एनर्जी किती लिहिलीय ते बघून घ्यायचं आणि ते कागद जपून ठेवायचे.

आणि मुळात नेमबाजीला वेग लागतच नाही हो. ऑलिम्पिकच्या १० मीटर प्रकारात वापरतात त्या मॅच रायफली साधारण १७० ते १७५ मीटरच्या वेगानं मारतात, एनर्जी ८ जूलच्या आसपास. अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगमध्ये सोनं आणलं ते याच १० मीटर एअर रायफलमध्ये. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा गुण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आहे, पेनाच्या टोकाएवढा. तितं ताकद काय करायचीय, तितं सारखेपणा पाहिजे. स्प्रिंगच्या रायफलला आतला पिस्टन पळतो तो धक्का पेलेट बाहेर पडायच्या आधीच देतो, म्हणून तीच रायफल दोन वेगळ्या प्रकारे धरली की दोन वेगळ्या ठिकाणी मारती. पीसीपीमध्ये, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफलीत, हे जवळजवळ नसतंय. म्हणून घरी हौस म्हणून शिकायचं तर स्प्रिंगची चालेल, काही हजारात मिळती, पण जिल्हा-राज्य खेळायचं मनात असेल तर स्प्रिंगवर पैसे घालवू नका, क्लबची पीसीपी वापरा आणि नंतर भारतीय बनावटीची मॅच पीसीपी बघा. वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, आन्शुट्झ ही जर्मन नावं चांगलीच आहेत पण त्या लाखांच्या घरात जातात.

सेकंडहँड घेताना एक गोष्ट हमखास बघा, हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख. स्पर्धेत दहा वर्षांच्या आतलाच सिलिंडर चालतो, आणि जुना झालेला सिलिंडर २०० बारला भरून गालाशी धरायचा हे तसंही शहाणपणाचं नाही. रायफल स्वस्तात पडली म्हणून खुश झालेला गडी नंतर सिलिंडरची किंमत ऐकून गप्प होतो.

पेलेट १० मीटरला चपट्या डोक्याची घ्यायची, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतंय, गुण मोजायला सोपं. २५-३० मीटरवर मारायचं तर गोल डोक्याची, कारण चपटी लांबवर डगमगती. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतंय ते पेलेटच्या डोक्याचं माप, तुमच्या बॅरलला कुठलं आवडतंय ते मारूनच कळतं. पेलेट शिशाची असती, हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय भेळ खायची नाही, बारक्या पोरांना तर हे बजावून सांगा.

.२२ एल.आर., ज्याला आपण टू-टू म्हणतो

ज्यांनी कॉलेजला एनसीसी केलंय त्यांनी ही रायफल मारलेली असणार. साताऱ्यात तर सैनिक स्कूल १९६१ पासून आहे, अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, त्यामुळं टू-टू हा शब्द आपल्याकडं घरात पण ऐकू येतो. ४० ग्रेनची शिशाची गोळी, एनर्जी १४० जूलच्या आसपास, धक्का जवळपास नाही, आवाज कमी, आणि सेंटरफायर, म्हणजे मोठ्या रायफलींच्या, गोळीच्या मानानं लय स्वस्त. ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) याच कॅलिबरवर खेळतात. स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ आणलं ते यातच, ४५१.४ गुण, आणि गडी आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. त्याच्या आधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून) जगज्जेत्या झाल्या, ते पण .२२ वरच. एवढं सगळं या बारक्या गोळीतून निघतंय आणि आपली पोरं .३०८ च्या गप्पा मारतात.

हितं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गोळ्या घेताना सगळे फसतात. .२२ मध्ये 'हाय व्हेलॉसिटी' गोळी टार्गेटला वाईट. आवाजाचा वेग साधारण ३४० मीटर प्रति सेकंद, हाय व्हेलॉसिटी गोळी त्याच्यापेक्षा जोरात निघती आणि ५०-१०० मीटरच्या वाटेतच आवाजाच्या वेगाच्या खाली येती, त्या टप्प्यात हवेचा अडथळा एकदम वाढलेला असतो आणि गोळी डळमळती. मॅचची गोळी मुद्दाम ३२०-३३० मीटरची ठेवलेली असती, म्हणजे ती पहिल्यापासूनच खाली. गंमत अशी की जोरातली .२२ वाऱ्यानं जास्त ढकलली जाते, हळू गोळी कमी. ऐकायला उलटं वाटतं, पण वारा गोळीला किती सरकवणार हे गोळी वाटेत किती वेग गमावती त्यावर ठरतं, नुसती किती वेळ हवेत आहे त्यावर नाही.

आता वाऱ्याचंच बघू, कारण आपल्या भागात वारा म्हणजे काय ते सांगायला नको, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पवनचक्क्या काय उगा उभ्या केल्या नाहीत. ताशी १६ किलोमीटरचा वारा बरोबर आडवा असेल तर मॅचची .२२ गोळी ५० मीटरवर साधारण अडीच सेंटीमीटर सरकती. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे तुमचा नेम एकदम काळजात धरला असला तरी वाऱ्यानं सात-आठवर नेऊन ठेवला. म्हणून रेंजवर झेंड्या असतात, आणि म्हणून चांगला नेमबाज वारा एकसारखा होईपर्यंत थांबतो. अंतर वाढलं की अजून बिकट, ५० मीटरला झिरो केलेली, म्हणजे तितं नेम बरोबर लागंल अशी बसवलेली, .२२ शंभर मीटरवर वीसेक सेंटीमीटर खाली पडती. याचा अर्थ .२२ शंभरला मारायची नाही असा नाही, उलट वारा आणि ड्रॉप वाचायला शिकायचं तर शंभर मीटरवरच्या .२२ सारखा मास्तर नाही. स्वस्तात शिकवतो.

एक धोक्याची गोष्ट. गोळी बारकी दिसती म्हणून लोक हलक्यात घेतात, पण .२२ वर तोंडानं मारली तर दीड मैलापर्यंत, म्हणजे दोन किलोमीटरच्या वर जाऊ शकते. आपल्याकडं दोन किलोमीटरमध्ये दोन वाड्या बसतात.

व्हार्मिंटची कॅलिबरं, माहिती म्हणून

ज्यांना फक्त जिज्ञासा आहे किंवा पोरगं परदेशात शिकायला-नोकरीला आहे आणि तिकडं कायद्यानं मारायचंय त्यांच्यासाठी. जवळचं, १०० मीटरच्या आतलं काम असेल तर .२२ एल.आर. किंवा १९५९ ची .२२ मॅग्नम. दीडशेपर्यंत .१७ एचएमआर, २००२ मध्ये आली, १७ ग्रेनची चिमुकली गोळी पण वेग ७७० मीटरच्या वर, सरळ जाती, फक्त वाऱ्याला लय घाबरती. त्याच्या पुढं सेंटरफायर. .२२३ रेमिंग्टन ५५ ग्रेन गोळी ९९० मीटरच्या आसपास, एनर्जी १७०० जूल. .२०४ रुगर २००४ ची, हलक्या गोळीनं १२८० मीटरपर्यंत. .२२-२५० ही ११०० च्या वर. .२४३ विंचेस्टर १९५५ ची, जड गोळी घालून हरणाला आणि हलकी घालून कोयोटीला, दोन्हीकडं चालती.

यातलं एक घ्यायचं झालं तर माझं मत .२२३, बाकी चर्चा करायची गरजच नाही. गोळी सगळीकडं मिळती, स्वस्त, धक्का इतका कमी की गोळी लागताना स्कोपमधून स्वतः बघता येते, आणि तीच रायफल टार्गेटला पण चालती. .२२-२५० जास्त सपाट मारती हे खरं पण काडतुसातली दारू जास्त जळती, बॅरल लवकर तापतं आणि लवकर झिजतं. प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर दिवसभर शेकडो गोळ्या मारणाऱ्याला याचा फटका बसतोच, म्हणून तर व्हार्मिंट रायफलीचं बॅरल जाड असतंय.

.२२३ घेताना बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा पीळ, बघायचा. १२ इंचात एक वेढा असेल तर ५५ ग्रेनपर्यंतच्या हलक्या गोळ्या, व्हार्मिंटला ठीक. ८ किंवा ७ इंचात एक असेल तर ६९ ते ७७ ग्रेनच्या लांब टार्गेट गोळ्या स्थिर राहतात. दुकानात कॅलिबर विचारतात, ट्विस्ट कोण विचारत नाही, आणि मग ७७ ग्रेन गोळी कागदात आडवी घुसली की रायफलला शिव्या.

भारतात यातली बहुतेक कॅलिबरं हौशी माणसाला मिळायचा विषयच नाही. सामान्य लायसनधारकाला बाहेरून शस्त्र मागवायचं दार १९८० च्या दशकापासून बंद आहे, नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत. आणि लष्कर-पोलिसांच्या वापरातली .३०३, ९ मिलिमीटर असली बोअर प्रतिबंधित आहेत.

रानडुकरासाठी काय

हा खरा प्रश्न, शिराळा, पाटण, जावळीच्या शेतकऱ्याचा. रातोरात भुईमूग नांगरल्यासारखा करून जातात, त्याचं दुःख पुस्तकातनं कळत नाही. पण क्रम असा. पहिल्यांदा नुकसानीचे फोटो, सातबारा घेऊन लगेच वनखात्याकडं भरपाईचा अर्ज, पंचनामा. त्रास सतत असेल तर लेखी परवानगीचा अर्ज. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि कायद्याच्या कलम ११ प्रमाणं उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी मारायची परवानगी देऊ शकतो, त्यातल्या अटी पाळायच्या, आणि मारलेलं जनावर सरकारचं असतंय, गावजेवण घालायचं नसतंय.

हत्यार लायसनचंच पाहिजे. उसाच्या कडंला, २५-३० मीटरच्या आत दिसणाऱ्या डुकराला १२ बोअर आणि एल.जी. (जाड छऱ्यांचं) काडतूस, यापेक्षा वेगळं काही सुचवणार नाही. आपल्याकडं मिळणारी ऑर्डनन्स फॅक्टरीची रायफल म्हणजे .३१५, ही पण मजेशीर आहे, इंग्रजांनी .३०३ लोकांच्या हातात जाऊ नये म्हणून जुन्या ८ मिलिमीटर मॅन्लिखर गोळीवर ही रायफल आणली आणि ती अजून चाललीय. दुसरी .३०-०६, एनर्जी ३८०० जूलच्या आसपास. डुकराला दोन्ही भरपूर, पण गोळी कितीतरी किलोमीटर जाती. डोंगर नाहीतर उंच बांध पाठीमागं असेल आणि तुम्ही माळ्यावरनं खाली मारत असाल तरच रायफल. कृष्णाकाठच्या सपाट रानात नाही, तितं पलीकडच्या फडात ऊसतोडीची खोपटी असतात.

एअर रायफल किंवा .२२ नं डुकराला मारू नका. मरत नाही, जखमी होऊन फडात बसतंय आणि सकाळी पाणी पाजायला गेलेल्या माणसावर येतंय. करंटची तार आणि गावठी बॉम्ब तर नावच काढायचं नाही, त्यात माणसंच जास्त मरतात.

लायसन आणि रेंज

.२२ आणि पुढचं सगळं १९५९ च्या शस्त्र कायद्यात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, ऑनलाइन भरून, मग पोलीस पडताळणी, वय २१ पूर्ण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं आणि लायसनची मुदत पाच वर्षं. घरात आजोबांची १२ बोअर आधीच तुमच्या नावावर असेल तर एकच जागा शिल्लक, हे कॅलिबर ठरवताना डोक्यात ठेवा. निवडणूक लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात ते पण धरूनच चाला.

पण घाई कशाला, आधी क्लब लावा. १० मीटरच्या रेंज आता आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत, मोठ्या रेंज कोल्हापूरला दुधाळीला आणि पुण्याला बालेवाडीला. क्लबच्या रायफलीवर स्वतःचं लायसन नसताना प्रशिक्षकासमोर शिकता येतं. जिल्हा, राज्य, मग मावळंकर स्पर्धा, मग नॅशनल अशी शिडी आहे आणि खेळाडू म्हणून नोंद झाली की पुढची कागदपत्रं सोपी होतात.

शेवटी गोळी

रायफल आली की लगेच गोळ्यांची पेटी घेऊ नका. तीन-चार ब्रँडचे एकेक डबे घ्या, .२२ असेल तर डब्यावरचा बॅच नंबर लिहून ठेवा, कारण एकाच ब्रँडच्या दोन बॅच एकाच बॅरलमधून वेगळ्या मारतात. रायफल वाळूच्या पिशवीवर नीट टेकवून, वारा नसताना सकाळी, ब्रँड बदलला की पहिल्या पाचेक गोळ्या मोजायच्या नाहीत, बॅरलला नव्या गोळीवरच्या ग्रीसची सवय व्हायला लागती. मग दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं, कडेपासून नाही, आणि एखादी गोळी बाहेर गेली तर "ती माझ्या हातानं गेली" म्हणून वगळायची नाही. सगळ्यात बारका ग्रुप ज्या बॅचचा आला तीच बॅच परवडतील तेवढ्या डब्यांत एकदम घेऊन ठेवा, अर्थात लायसनवर लिहिलेल्या काडतुसांच्या मर्यादेत, आणि दुकानदाराकडनं लायसनवर नोंद करून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.